पुढचं नको

लेक येऊन तीन दिवस झाले, तिची झोप पुरी झाली, अंगातला प्रवास उतरला, तेव्हा कुठे गायिकेने तिला खोलीतल्या एकुलत्या एका धड खुर्चीत बसवलं. पुढ्यात दोन स्पीकर ठेवले आणि म्हणाली, "आता डोळे मीट आणि ऐक. हे सगळं तुझंच आहे."

लेकीने डोळे मिटले नाहीत. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

नऊ गाणी होती. चाळीस मिनिटं. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी गायिका भिंतीला टेकून उभी होती. सातवं गाणं सुरू झालं तेव्हा तिला राहवलं नाही. त्या गाण्यात लेकीचाच आवाज होता, आठ-नऊ वर्षांची असतानाचा. "आई, ऐक ना," एवढंच ती म्हणे, आणि मग आईचा आवाज शब्दांशिवाय तिला उत्तर देऊ लागे. गायिका वाकून लेकीचा चेहरा न्याहाळत राहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"कशी आहेत गं?" शेवटी तिने विचारलं.

"छान," लेक म्हणाली.

तिला सगळंच छान होतं. जेवण छान, पलंग छान, खिडकीतून समोरच्या इमारतीची नुसती भिंत दिसायची, तीही छान. मामीने निघताना बजावून पाठवलं होतं, कुणी काही दिलं की छान म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही. आणि आईला ती 'तुम्ही' म्हणत होती. पहिल्या दिवशी गायिका हसून म्हणाली होती, "अगं, मी काय तुझी मुख्याध्यापिका आहे?" लेकही हसली होती, आणि संध्याकाळी पुन्हा म्हणाली होती, "तुम्ही दमला असाल."

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी ती एका जागी गोल फिरायची, पडेपर्यंत. भिंगरी पोटात असतानाच तिचे बाबा कामाच्या शोधात म्हणून गेले ते गेलेच. ती साडेचार वर्षांची झाली आणि गायिकेने तिला भावाच्या घरी, मामीच्या पदरात टाकलं आणि स्वतः देश सोडला. वर्षभरात बोलावते म्हणाली होती. व्हिसाचे कागद दोनदा परत आले. एका वर्षाची सहा झाली.

त्या सहा वर्षांत गायिकेने दोनच गोष्टी केल्या. दिवसा ती एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी आणि अभ्रे निवडायची, आणि उरलेल्या वेळात गाणं करायची. तिचं गाणं जॅझचं होतं. त्यात लिहिलेलं थोडं असतं आणि आयत्या वेळी सुचलेलं फार. आवर्तन ठरलेलं, पण त्यात चालायचं कसं ते ज्याचं त्याने बघायचं. सोबतीला तीन माणसं होती. त्यातले मोठे म्हणजे बास वाजवणारे काका. माणसाहून उंच ते वाद्य पाठीवर घेऊन जिने चढायचे, म्हणून सगळे त्यांना हमालकाका म्हणत, आणि तेही त्या नावाला ओ देत.

माणूस बोलत असतो तेव्हाही तो गातच असतो, असं गायिका म्हणायची. दर रविवारी लेक मामीच्या फोनवरून आवाजी निरोप पाठवी. रविवारचा हा नेम गायिकेने कधी चुकवला नाही. ताप असला तरी नाही, कामाची दुहेरी पाळी असली तरी नाही. निरोप आला की ती जुन्या कीबोर्डपुढे बसे. त्याच्या दोन पट्ट्या मेल्या होत्या, त्या चुकवून ती लेकीच्या बोलण्यातला एकेक सूर शोधून काढी. 'मामीच्या मोठीने माझी पेन्सिल घेतली' एवढ्या तक्रारीतून तिचं तिसरं गाणं निघालं होतं. आणि सातवं निघालं 'आई, ऐक ना'मधून. त्यात 'आई' वर उचललेलं आणि 'ना' असं हळूच खाली ठेवलेलं होतं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती कपडे बदलायच्या खोलीत होती आणि कागद सापडेना म्हणून तिने ते सूर मनगटावर लिहून ठेवले होते.

हमालकाका तेव्हा म्हणाले होते, "बाई, पोरीने तुम्हाला आयतं गाणं दिलंय. तुम्ही फक्त मध्ये लुडबुड करू नका."

ते सगळं आता तयार होतं. पुढच्या महिन्यात, रविवारी दुपारी, एका लहान सभागृहात ती नऊ गाणी पहिल्यांदाच लोकांपुढे होणार होती. पण गायिकेला लोकांचं काही नव्हतं. तिचा सगळा जीव एका खुर्चीत अडकला होता. ही पोर एकदा ते ऐकेल, तिला कळेल की सहा वर्षं आई आपल्याला विसरून बसली नव्हती, आणि मग ती 'तुम्ही' म्हणायची थांबेल. एवढंच तिने देवाकडे मागितलं होतं.

"वेळ लागेल हो," ती काकांना फोनवर म्हणाली. "पण माझ्या तोंडाकडे सारखी बघते. एक क्षण नजर हलवत नाही. किती उपाशी राहिलं असेल ते लेकरू."

दुसऱ्या दिवशी ती घरच्या चादरी धुवायला काढत होती.

धुलाईखान्यात सहा वर्षं काढली की हात आपोआप वाचायला लागतात. हा डाग औषधाचा, हा रक्ताचा, हा उलटीचा; हे वेगळ्या पिंपात, हे उकळत्या पाण्यात. मुकादमीण तिला म्हणायची, "तू नापास झालेली डॉक्टर आहेस बघ." कानाच्या विभागातले अभ्रे तिला लांबून ओळखू येत. उशीच्या मधोमध नाही, एका अंगाला, कडेने तपकिरी आणि आत पिवळट असा गोल. आणि वास. तो एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

भिंगरीच्या उशीचा अभ्रा तिने उचलला आणि तो हातात तसाच राहिला. गोल होता. एकावर एक चार गोल होते, चार रात्रींचे.

भिंगरी पाठमोरी बसून चित्र काढत होती. गायिका तिच्या उजव्या बाजूला गेली आणि हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग तिने टाळी वाजवली. पोरीने निळा खडू ठेवला आणि हिरवा उचलला.

कानाच्या डॉक्टरीणबाई भिंगरीशी बोलताना तोंडावरचा मास्क खाली घ्यायच्या. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी तो खाली घेतला, आणि गायिकेला तेव्हा कळलं की तिची लेक तोंडाकडे का बघते.

तपासण्या दोन दिवस चालल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. "पडदा कधीच गेलाय. ते पाणी आत साचत राहिलं, हाड किडलं. उजवा कान गेला असंच समजा. शस्त्रक्रिया करायची आहे, पण ती ऐकू येण्यासाठी नाही. हे आणखी वर, डोक्याकडे जाऊ नये म्हणून."

"आणि डावा?"

"डावा निम्मा आहे. तोही उतरतोय. मशीन देऊ. समोरासमोर, जवळून बोललेलं कळेल तिला. टीव्ही, गाणी, असलं काही नाही कळायचं. डब्यात खडे हलवल्यासारखं होतं ते." त्यांनी कागदावर सही केली. "दोन वर्षांपूर्वी आणली असती तर थेंब आणि स्वच्छता, एवढ्यावर भागलं असतं. दुखत असणार हो फार. बोलली नाही का कधी?"

"नाही," गायिका म्हणाली.

घरी आल्यावर तिने लेकीला पलंगावर बसवलं, स्वतः डाव्या अंगाला, अगदी तिच्या कानाशी बसली. आवाज चढू नये म्हणून तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"एवढं दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस, राणी?"

भिंगरीने मान वळवून आईचे ओठ पाहिले. "सांगितलं होतं."

"कधी गं?"

"फोनवर. 'ऐक ना' म्हटलं होतं तेव्हा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेत विचारलेल्याचं उत्तर द्यावं तसं ती सांगत होती. "तुम्ही म्हणालात, पुढचं नको."

गायिकेला ते आठवलं नाही. आठवलं नाही म्हणून ती उठली आणि संगणक उघडला. ती काहीच पुसत नसे. सहा वर्षांचे निरोप तिने सुरांप्रमाणे लावून ठेवले होते, वर चढणारे एकीकडे, उतरणारे एकीकडे. तारखेने काही सापडेना. 'आई, ऐक ना' मात्र लगेच सापडलं. अख्खा निरोप सतरा सेकंदांचा होता. गाण्यासाठी तिने त्यातली दोन कापून घेतली होती. बाकीची पंधरा तिथेच होती.

"आई, ऐक ना. माझा कान फार दुखतोय. त्यातून पाणी येतं. मामी म्हणते राहील. शाळेत बाई ओरडतात, मी ऐकत नाही म्हणून. तू मामीला सांग ना."

त्याच्याखाली तिचं स्वतःचं उत्तर होतं. दमलेलं, पण आनंदाने फुललेलं. "अगं, काय गोड म्हणालीस! मला परत पाठवशील? आता एक काम कर हं. पुढचं नको. नुसतं 'आई, ऐक ना' एवढंच म्हण. फोन तोंडाजवळ धर. शहाणी माझी."

आणि खाली ओळीने अकरा निरोप होते. आई, ऐक ना. आई, ऐक ना. पोर आज्ञाधारक होती. सातव्या वेळी 'ना' सगळ्यात चांगला लागला होता. तोच गाण्यात गेला होता. अकराव्यानंतर ती जरा थांबली होती आणि म्हणाली होती, "झालं का, आई?"

झालं, असं तिने उत्तर दिलं होतं. छान झालं.

नेम तिने पाळला होता. ज्याच्यासाठी पाळायचा, ते मात्र दाराशी उभं राहून निघून गेलं होतं, आणि तिने मान वर करून पाहिलंही नव्हतं. गेलं वर्षभर पोर फोनवर 'हं' आणि 'छान' याच्यापलीकडे बोलत नव्हती. वय वाढतंय, असं ती काकांना म्हणाली होती. त्या 'हं'चाही सूर तिने लिहून ठेवला होता.

मग तिने मामीला फोन लावला. भांडायलाच लावला होता.

"वहिनी, पोरीचा कान..."

"अगं, वाहतो तिचा अधूनमधून," मामी म्हणाली. "माझ्या दोघींचेही वाहायचे. मोठं होता होता थांबतं. का गं, प्रवासात वाढलं का?"

"तुम्ही तिला डॉक्टरकडे का नाही नेलंत?"

 मग मामीचा आवाज बदलला. "हे बघ, तुझी पोर मी माझ्या ताटातलं काढून वाढवली, ते बोलून दाखवत नाही. पण ती तुला सांगत होती ना? माझ्यासमोर बसून सांगितलं तिने. दर रविवारी तुमचं चालायचंच. मी म्हटलं, आईला माहितीये, आई काही बोलत नाही, म्हणजे तसं काही नसेल. आई तू आहेस. मी कोण मध्ये बोलणारी?"

गायिकेने फोन ठेवला. 

शस्त्रक्रिया झाली. डोक्याला पांढरी पट्टी बांधून भिंगरी घरी आली आणि म्हणाली, दवाखाना छान होता. डाव्या कानात मशीन बसलं. ते लावलं की भांड्यांच्या आवाजाने ती डोळे गच्च मिटून घ्यायची, म्हणून बहुतेक वेळ ते डबीतच राही.

सभागृहाची तारीख आठवड्यावर आली तेव्हा हमालकाका वाद्य घेऊन वर आले. चार जिने चढून आल्यामुळे त्यांना आधी नुसतं धापा टाकायलाच पाच मिनिटं लागली.

"मी गाणार नाही," गायिका म्हणाली.

"बरं."

"बरं काय म्हणता? समजवा ना मला काहीतरी."

"मला कुठे येतं? मी ओझी वाहणारा माणूस." काकांनी बास उभा केला आणि भिंगरीला खुणेने जवळ बोलावलं. तिचा तळहात धरून वाद्याच्या फुगीर पोटावर टेकवला आणि सगळ्यात जाड तार ओढली. लाकूड घुमलं. काका तिच्याकडे बघत राहिले. गायिकाही बघत राहिली.

"काय वाटतंय?" काकांनी ओठ मोठे करून विचारलं.

"गुदगुल्या," भिंगरी म्हणाली आणि हात काढून फ्रॉकला पुसला. मग आठवण झाल्यासारखं म्हणाली, "छान आहे."

काका खिडकीकडे वळले. समोरची भिंत त्यांनी बराच वेळ पाहिली. "त्या सातव्यात तिचा पूर्ण निरोप लावूया का?" ते तिकडेच तोंड करून म्हणाले. "कापू नका काही. जसा आहे तसा."

"आणि लोक काय करतील?"

"ऐकतील."

"टाळ्या वाजवतील, काका. माझ्या लेकीचं दुखणं ऐकून टाळ्या वाजवतील, आणि मी वाकून नमस्कार करीन."

यावर बोलली ती भिंगरी. दोघांची तोंडं आळीपाळीने बघून तिने निम्मंअर्धं समजून घेतलं होतं. "तुमचा कार्यक्रम मला बघायचाय," ती म्हणाली. "मामीने मला त्यासाठी नवीन कपडे दिलेत."

म्हणून मग आई गायला गेली.

सभागृह लहान होतं, साठ-सत्तर खुर्च्यांचं, आणि दुपार असल्यामुळे पडद्यांच्या फटीतून उजेड येत होता. भिंगरी पहिल्या रांगेत कडेला बसली होती. ड्रमचा त्रास होतो म्हणून मशीन डबीत, डबी मुठीत. कोटाची सगळी बटणं लावलेली. पहिली सहा गाणी गायिकेने गायली. कशी गायली ते तिला ठाऊक नाही. सवयीने गळा चालत होता. पेन्सिलच्या गाण्याला लोक हसले.

मग सातवं आलं. स्पीकरमधून तोच कापलेला तुकडा आला, स्वच्छ, मोठा, भिंतींना भिडणारा. आई, ऐक ना.

तिने तोंड उघडलं. उत्तराचे सूर तिला पाठ होते. गेली दोन वर्षं ती ते झोपेतही म्हणू शकली असती. पण तिला वाटलं, मी हे कुणाला उत्तर देते आहे? जिने विचारलं ती तिथे, दहा पावलांवर, तोंडाकडे बघत बसली आहे. आणि तिने जे विचारलं त्याचं उत्तर हे नव्हे.

तिने आवाज लावलाच नाही. नुसते ओठ हलवले. हळू, मोठे करून, डॉक्टरीणबाई करायच्या तसे. कुठे दुखतंय गं? खूप दुखतंय का? दाखव मला. मी मामीला आत्ता सांगते. आत्ताच्या आत्ता सांगते. दोन वर्षं उशिराने एकेक शब्द ती पोरीच्या डोळ्यांत ठेवत गेली. मागे काकांनी एक आवर्तन पुरं केलं, तिची वाट पाहिली, दुसरं घेतलं. ड्रमवाल्याने हात उचलून घेतला. तिसऱ्या आवर्तनाला फक्त काका चालत होते, एकटे, अगदी खालच्या सुरात.  तिचं बोलून संपलं तेव्हा काका थांबले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभे राहून वाजवल्या. एक बाई रुमालाने डोळे टिपत होती. गायिकेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पहिल्या रांगेच्या कडेला बघत होती. भिंगरीने आजूबाजूला पाहिलं, सगळे उभे राहिलेले दिसले, म्हणून तीही उठली आणि टाळ्या वाजवू लागली. डबी मुठीत असल्यामुळे तिला एकाच हाताने दुसऱ्या मुठीवर वाजवावं लागत होतं.

कार्यक्रम संपल्यावर गायिका कुणाला न भेटता खाली आली आणि लेकीपुढे गुडघ्यावर बसली. चेहरा चेहऱ्यासमोर आणला.

"मी बोलले ते कळलं तुला? सातव्या गाण्यात?"

भिंगरीने जरा विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि कुणाला वाईट वाटू द्यायचीही नव्हती.

"तुमच्या तोंडापुढे तो माईक होता ना," ती म्हणाली. "काही दिसलं नाही."

पाठीमागे काका वाद्याला खोळ चढवत होते. खोळीची चेन अर्ध्यावर अडकली होती, आणि ते ती पुन्हा पुन्हा ओढत होते.

 आईचा चेहरा पाहून आपलं काहीतरी चुकलं असं पोरीला वाटलं असावं. तिने आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली, मामीची करायची असेल तशी, दोन्ही टोकं सारखी करून. मग आईच्या ओठांकडे बघत, समजुतीने, ती म्हणाली,

"पण छान म्हटलंत."